चर्चच्या संस्थेने विहिरी खणल्या, मग डोंगराकडे मोर्चा का वळवला?

एप्रिल उजाडला की आमच्याकडच्या बातम्या ठरलेल्या असतात. अमुक तालुक्यात इतके टँकर, तमुक वाडीत चार दिवसांनी पाणी. त्यात अधूनमधून दुसरीही एक बातमी डोकावते: परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांवर नवे नियम, कोणाचा तरी परवाना रद्द, कोणावर तरी धर्मांतराचा आरोप. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध असेल असं सहसा कोणाला वाटत नाही. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, तो आहे आणि चांगला साठ वर्षांचा जुना आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही नावं सगळ्यांना पाठ असतात. त्याच जिल्ह्यातल्या एका येशूसंघीय, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या जेझुइट संघाच्या, धर्मगुरूने सुरू केलेल्या कामाबद्दल मात्र मराठी वाचकाला फार कमी माहिती आहे. एका धर्मादाय संस्थेने मध्येच स्वतःची वाट बदलली आणि त्याचे परिणाम पुढे राज्यभर दिसले, म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

चर्चची संस्था म्हणजे नेमकं काय?

नगर जिल्हा आणि मिशन यांचं नातं दोनशे वर्षांच्या घरातलं. अमेरिकन मराठी मिशनचे प्रोटेस्टंट पंथाचे लोक १८३१ मध्ये नगरला आले. कॅथलिक येशूसंघीय, म्हणजेच जेझुइट, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. त्यांच्यात जर्मन आणि स्विस धर्मगुरू पुष्कळ होते. शाळा, दवाखाना, दुष्काळात धान्य आणि अनाथ मुलांची सोय ही मिशनची जुनी कामं. देणारा वर आणि घेणारा खाली, असं त्या कामाचं साधं रूप होतं.

साठच्या दशकात कॅथलिक चर्चमध्ये मोठी घुसळण झाली. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन धर्मपरिषद भरली. गरिबाला भाकरी देऊन भागणार नाही, तो गरीब का राहतो हेही विचारलं पाहिजे, हा आग्रह त्या काळात बळावला. याच काळात फादर हर्मन बाखर यांनी नगरमध्ये 'सोशल सेंटर' उभं केलं. बाखर यांचा जन्म १९२४ चा, स्वित्झर्लंडमधला. १९४८ साली, देश नुकताच स्वतंत्र झालेला असताना, ते भारतात आले आणि पुढची जवळजवळ सगळी कामाची वर्षं त्यांनी इथल्या शेतकऱ्यांसोबत काढली. २०२१ मध्ये, ९७ व्या वर्षी ते गेले.

पैसा कुठून येत होता? मोठा वाटा जर्मनीतून. जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी १९५८ मध्ये 'मिझेरिओर' नावाची मदतसंस्था काढली. हा लॅटिन शब्द बायबलमधल्या येशूच्या तोंडी आहे. भुकेल्या गर्दीकडे पाहून तो म्हणतो, मला या लोकांचा कळवळा येतो. ईस्टरआधी ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. त्या दिवसांत ताटातलं थोडं कमी करायचं आणि वाचलेले पैसे चर्चच्या पेटीत टाकायचे. एकादशीला वाचलेला शिधा कोणाच्या तरी ओटीत घालावा, तसंच हे. महायुद्धात बेचिराख झालेला देश तेरा वर्षांत पुन्हा उभा राहिला होता आणि आपल्याला मिळालेली मदत आता दुसऱ्यांना द्यावी असं तिथल्या सामान्य माणसाला वाटत होतं. १९६२ पासून जर्मन सरकारही करातला काही पैसा चर्चच्या संस्थांमार्फत विकासकामांना देऊ लागलं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे आक्षेपांच्या वेळी लागेल.

आधी विहिरी, मग कोरड्या विहिरी

सोशल सेंटरने सुरुवातीला शेतकऱ्याला जे हवं होतं तेच दिलं. पाणी हवं, तर विहीर. विहिरीसाठी कर्ज, इंजिन, जमिनीचं सपाटीकरण. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा राज्यभर लोक खडी फोडत होते, सुकडी खात होते, रोजगार हमीवर पाझर तलाव बांधत होते. विहीर ही तेव्हा जगण्याची हमीच वाटायची.

ज्यांची विहीर लागली त्यांचं खरोखर भलं झालं. मग शेजाऱ्यानेही खणली, त्याच्या शेजाऱ्याने आणखी खोल खणली. आणि काही वर्षांत जुन्या विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवू लागल्या. माझ्या आजोळच्या विहिरीवरचा दोर मला आठवतो. दर एक-दोन उन्हाळ्यांनी त्याला नवा तुकडा जोडावा लागायचा. दोराच्या गाठी मोजल्या की पाणी किती वर्षांत किती खाली गेलं, त्याचा हिशेब मिळायचा.

असं का झालं ते कळायला पायाखालचा दगड समजून घेऊ. आपल्या बहुतेक महाराष्ट्राखाली काळा कातळ आहे, लाव्हा थंड होऊन बनलेला. वाळूत पाणी भरून राहतं तसं या कातळात राहत नाही. ते राहतं वरच्या मुरुमाच्या थरात आणि कातळाच्या भेगांत. म्हणजे गावाखाली समुद्र नाही, एक रांजण आहे. एका रांजणात दहाजणांनी तांबे बुडवले म्हणून रांजण मोठा होत नाही, रिकामा लवकर होतो. नवी विहीर हा नवा तांब्या. रांजण भरायचं काम विहीर करत नाही, ते पाऊस करतो, आणि तेही पाणी जमिनीत मुरलं तरच.

मदतसंस्थेला हे मान्य करणं किती जड गेलं असेल! दात्याला दाखवायला विहिरीसारखी वस्तू नाही: फोटो निघतो, कठड्यावर नाव कोरता येतं, चेहऱ्यावरचा आनंद दिसतो. तरीही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सोशल सेंटरने नगरजवळच्या पिंपळगाव वाघासारख्या गावात विहिरीवरची नजर काढून डोंगरमाथ्यावर नेली. मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं पाऊल हेच वाटतं.

पाणलोट म्हणजे कौलारू घराचं छप्पर

पाणलोट हा शब्द आपण इतका ऐकतो की त्याचा अर्थ विचारायला संकोच वाटतो. कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. आढ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस पुढच्या अंगणात येतो, पलीकडे पडलेला परसात जातो. पुढच्या अंगणात जे छप्पर आपलं पाणी ओततं, ते त्या अंगणाचं पाणलोट क्षेत्र. डोंगराची धार म्हणजे आढं, ओढा म्हणजे पन्हळ. व्याख्या एवढीच.

आता थोडं गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. म्हणजे अवघ्या ५०० मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर ५० लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ५०० टँकर, एका हेक्टरवर, आभाळातून, फुकट. त्यातलं बरंचसं वाफ होऊन जाणार, काही पिकं-झाडं पिणार, हे खरं. पण उघड्या उतारावरून जे धावत सुटतं ते मातीही घेऊन जातं आणि गावाला दोन्ही गमवावी लागतात.

म्हणून पाणलोटाचं काम करणारे म्हणतात, पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला रांगायला, रांगणाऱ्याला थांबायला आणि थांबलेल्याला मुरायला. त्यासाठी माथ्यावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले खड्डे. त्याखाली घळींमध्ये अनघड दगडांचे छोटे बांध. मग शेतांची बांधबंदिस्ती. आणि सगळ्यात शेवटी ओढ्यावर बंधारा. या क्रमाला 'माथा ते पायथा' म्हणतात आणि तो उलटा केला तर पैसा वाया जातो. छप्पर सगळीकडून गळत असताना अंगणात टाकी बांधली तर वर्षा-दोन वर्षांत ती गाळानेच भरते.

आधी शिकाऊ लायसन्स, मग पक्कं

यात अभियांत्रिकी फारशी अवघड नाही. डोंगर एकाचा, शेत दुसऱ्याचं, ओढ्याकाठची विहीर तिसऱ्याची, खरी अडचण इथे आहे. माथ्यावर काम करायचं कोणी आणि पाणी मिळणार कोणाला? एकाने जरी 'माझ्या बांधावरून चर नको' म्हटलं तरी खालचं सगळं अडतं. त्यातून शिवाराचा मोठा तुकडा अनेकदा वनखात्याचा असतो.

बाखर यांनी मांडलेल्या कल्पनेतून १९८९ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. जर्मन सरकारची विकास बँक केएफडब्ल्यू पैसा देणार, तो भारत सरकारमार्फत नाबार्डकडे, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेकडे जाणार, आणि तिथून गावाच्या खात्यात. गावांना आणि छोट्या स्थानिक संस्थांना तयार करण्यासाठी बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट', म्हणजेच 'वॉटर', ही स्वतंत्र संस्था काढली. ती चर्चची नाही, कोणत्याही धर्माची नाही. जन्म धर्मगुरूच्या डोक्यात, पण घडण निधर्मी. हा फरक पुढच्या वादात फार महत्त्वाचा ठरतो.

गावाला पैसा मिळायचा तो दोन पायऱ्यांनी. पहिली पायरी शिकाऊ लायसन्ससारखी. ग्रामसभेने पाणलोट समिती नेमायची, श्रमदान करून दाखवायचं, शिवाराचा एक छोटा तुकडा निवडून सगळी कामं शिकत-चुकत पूर्ण करायची. हिशेब समितीने ठेवायचा. हे साधलं तरच पूर्ण शिवाराचा आराखडा मंजूर, म्हणजे पक्कं लायसन्स. आराखडाही कार्यालयात बसून करायचा नाही. गटनंबर घेऊन प्रत्येक शेतावर जायचं आणि त्या शेतकरी नवरा-बायकोला सोबत घेऊन बांध कुठे, चर कुठे, झाड कोणतं ते ठरवायचं. बायकोही हवीच, हा नियम मला फार शहाणा वाटतो. चारा, सरपण आणि पाणी कुठून येतं ते तिला माहीत असतं.

आणि अटी होत्या. कुऱ्हाडबंदी, माथ्यावर मोकाट चराईबंदी, उसासारख्या पाणीपिऊ पिकांना आवर. अकुशल मजुरीच्या खर्चातला साधारण १५ ते २० टक्के वाटा गावाने श्रमदानातून उचलायचा, भूमिहीन आणि एकट्या बाईवर चालणाऱ्या घरांना त्यातून सूट. साठच्या दशकात जी संस्था देत होती, ती आता मागत होती! 'आम्ही गरीब, आम्हाला मदत करायची सोडून आमच्याकडूनच काम मागता?' असा सवाल साहजिकच होता. त्यामागचं उत्तर असं की फुकट बांधलेला बांध सरकारचा राहतो, आपल्या घामाचा बांध फुटला की माणूस रात्री कंदील घेऊन बघायला जातो.

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचं उदाहरण जगभर दिलं जातं. १९९६ मध्ये काम सुरू झालं तेव्हा तिथे शेतीत वर्षातले तीन-चार महिनेच काम मिळायचं, बाकी वेळ लोक मजुरीला बाहेर. काही वर्षांत ते नऊ-दहा महिन्यांवर गेलं. १९९९-२००० मध्ये नाबार्ड आणि केंद्र सरकारने मिळून २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभारला आणि नगरच्या माळावर घडलेली पद्धत दुसऱ्या राज्यांत गेली.

मग मेंढ्या घेऊन जायचं कुठे?

आता आक्षेप. पहिला माझ्या मते सगळ्यांत वजनदार आहे आणि तो गावाच्या आतूनच येतो.

चराईबंदी कोणावर पडते? ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या शेतात बांध होतो, विहिरीला पाणी वाढतं, दोन पिकं निघतात. ज्याच्याकडे जमीन नाही, चार शेळ्या आहेत, त्याच्या शेळ्यांचा डोंगर मात्र बंद होतो. धनगरांचं तर सगळं जगणंच चराईवर. श्रीमंताला लाभ नंतर मिळतो आणि गरिबाला तोटा आधी बसतो, हे पाणलोटाच्या कामांवर अभ्यासकांनी पुन्हापुन्हा नोंदवलं आहे. दरेवाडीतही कळपवाल्यांची मनं वळवायला पुष्कळ वेळ गेला.

यावर उपाय शोधले गेले. सगळा डोंगर एकदम बंद करायचा नाही, तुकड्या-तुकड्याने करायचा. दोन-तीन वर्षांनी गवत वाढलं की कापून न्यायची मुभा द्यायची. कामाची मजुरी आधी भूमिहीनांना, बायकांचे बचतगट, छोटी कर्जं. याने ओझं हलकं होतं, संपत नाही. कापून नेलेलं गवत गोठ्यातल्या म्हशीला चालतं, फिरत्या कळपाला नाही. वाढलेल्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा किती, हा प्रश्न विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकात पुरंदर तालुक्यात विचारला होता. पाणी जमिनीच्या नव्हे, घरातल्या माणसांच्या हिशेबाने वाटा, भूमिहीनालाही द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ती कसोटी लावली तर बहुतेक पाणलोट गावं, चर्चच्या प्रेरणेतली असोत वा सरकारी, कमी पडतात. हे स्पष्ट बोललं पाहिजे.

हे सगळं धर्मांतरासाठी तर नव्हतं?

शंका हवेतून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत मिशनने पोरक्या मुलांना सांभाळलं आणि नगर जिल्ह्यात अनेक कुटुंबं, विशेषतः गावकुसाबाहेर ठेवलेली, ख्रिस्ती झाली. त्यामागे भूक होती, तसाच माणूस म्हणून मिळालेला मानही होता. एकच कारण सांगणारा त्या लोकांवर अन्याय करतो.

पाणलोटाच्या कामाकडे बघताना मात्र त्याची रचना तपासावी. निर्णय ग्रामसभेचा, समितीत गावचेच लोक, पैसा नाबार्डमार्फत, हिशेब तपासणी उघडी. आणि पाणी मुरतं ते धर्म विचारून मुरत नाही. एका घरालाच लाभ देता येईल असं हे काम नाही, शिवारातल्या सगळ्यांच्या विहिरींना तो मिळतो. आमिष दाखवायचं असेल तर धान्याची गोणी सोपी, समतल चर फार बिनकामाचं आमिष आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या जेमतेम एक टक्का होती. बाखर यांनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही, ते शेवटपर्यंत धर्मगुरूच होते. श्रद्धेतून काम करणं आणि कामाच्या बदल्यात श्रद्धा मागणं यात अंतर आहे, आणि वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला ते कळायला अवघड नाही.

परदेशी पैसा कशाला हवा?

इथे दोन वाटा वेगळ्या करू. मिझेरिओरसारख्या संस्थेकडून भारतातल्या संस्थेला थेट देणगी आली तर तिला परकीय अंशदान नियमन कायदा लागतो. १९७६ मध्ये आलेला, २०१० मध्ये नव्याने लिहिलेला आणि २०२० मध्ये आणखी कडक झालेला. आता असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यावा लागतो, कार्यालयीन खर्च २० टक्क्यांपुढे नेता येत नाही आणि एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. शेवटची अट छोट्या संस्थांना सर्वांत जाचते. मोठी संस्था पैसा आणणार आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेला वाटून देणार, ही साखळीच त्याने तुटते. दुसरी वाट सरकार ते सरकार. इंडो-जर्मन कार्यक्रमाचा मुख्य पैसा या वाटेने आला, ती दोन देशांमधली करारबद्ध मदत होती.

पैसा आपलाच असावा, हे म्हणणं रास्त आहे. आज पाणलोटावरचा बहुतेक खर्च आपल्या करातूनच होतो. पण पैसा आपला झाला म्हणून पद्धत आपोआप चांगली होत नाही. २०१४ नंतरच्या जलयुक्त शिवार अभियानावर राज्याने नऊ हजार कोटींहून अधिक खर्च केला. ठिकठिकाणी यंत्रं लावून नाल्यांचं खोलीकरण झालं, माथ्यावरचं काम मागे पडलं. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी ठपका ठेवला की भूजल पातळी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. ज्या गावांनी मनापासून राबून चांगलं काम केलं त्यांच्यावर हा ठपका नाही. पण पोकलेन आठ दिवसांत जे खोदतं, त्याला गावाची समिती लागत नाही, आणि समिती नसली की पुढे त्याची काळजी घेणारंही कोणी नसतं.

पाणी आलं, पुढे काय?

या सगळ्या खटाटोपाचा कच्चा दुवा यशानंतर दिसतो. विहिरी भरतात, कांदा येतो, डाळिंब येतं, मग कोणीतरी बोअर घेतो, मग सगळेच घेतात. दोनशे-तीनशे फुटांखालच्या भेगांतलं पाणी उपसलं की वरच्या मुरुमातलं पाणीही तिकडे ओढलं जातं. विहिरीचं पाणी पंपाने उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरणं हेही तसंच, सामाईक रांजणातलं पाणी आपल्या घरच्या पिंपात ओतून वर उन्हात वाफ व्हायला ठेवणं. म्हणून 'वॉटर'सारख्या संस्था आता गावाला पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवतात. पर्जन्यमापकावर पाऊस मोजायचा, ऑक्टोबरात विहिरींची पातळी बघायची आणि मग रब्बीला गहू किती, हरभरा किती ते ग्रामसभेत ठरवायचं. घरखर्चाची वही ठेवतो तितकंच हे सोपं, आणि शेजारी कांदा लावत असताना आपण हरभरा लावणं तितकंच कठीण.

श्रमदानाच्या वाट्यातला काही भाग गावाच्या नावे देखभाल निधी म्हणून बँकेत ठेवण्याची पद्धत या कार्यक्रमात होती. समतल चर काही पावसाळ्यांत गाळाने भरतात, दगडी बांध ढासळतात, ते उकरायला-रचायला तो पैसा. तुम्ही कधी अशा गावात गेलात तर लोक तुम्हाला कौतुकाने ओढ्यावरचा भरलेला बंधारा दाखवतील. तो बघून झाला की वर माथ्यावर चला, चर उकरलेले आहेत का ते बघा. आणि परतताना समितीच्या सचिवाला विचारा, देखभाल निधीच्या पासबुकात शेवटची नोंद कोणत्या सालची आहे.